यंत्र शिक्षकाच्या हाती, की शिक्षकाच्या जागी?

गेल्या हिवाळ्यात झारखंडमधील खुंटी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी दोन दिवस घालवले. हा मुलूख मुंडा आदिवासींचा. घरात आणि अंगणात मुले मुंडारी बोलतात. पाठ्यपुस्तक मात्र हिंदीत आहे. शाळेत इयत्ता पाच, खोल्या दोन आणि शिक्षिका एकच. दुसऱ्या शिक्षकांची बदली होऊन वर्ष उलटले होते आणि त्यांच्या जागी कोणीही आलेले नव्हते. पहिली-दुसरीची मुले एका खोलीत, तिसरी ते पाचवीची दुसऱ्या खोलीत आणि बाई बहुतेक वेळ दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभ्या.

बाईंच्या हातातला स्मार्टफोन क्वचितच खाली ठेवला जाई. सकाळी त्यावर हजेरी भरायची, मग माध्यान्ह भोजनाचा आकडा, मग वरिष्ठांच्या व्हॉट्सॲप गटावर वर्गाचे छायाचित्र. ‘‘शिकवायचे की शिकवत असल्याचा फोटो काढायचा, हेच कधी कधी कळेनासे होते,’’ असे त्या हसत म्हणाल्या. पण त्याच फोनवर त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. दुसरीच्या मुलांसाठी सालाचे झाड, मोहाची फुले आणि आठवडी बाजार असलेली दहा ओळींची सोपी गोष्ट त्यांनी एका चॅटबॉटकडून हिंदीत लिहून घेतली होती. ती फळ्यावर उतरवून, मुंडारीत समजावून, मग पुन्हा हिंदीत वाचून घेतली. मुले रंगून गेली होती. मग बाईंनी गंमत म्हणून यंत्राला मुंडारी शब्द विचारले. त्याने काही उत्तरे अगदी ठामपणे चुकीची दिली आणि सारा वर्ग खदखदून हसला. पाचवीतल्या एका मुलाने पुढे येऊन बरोबर शब्द सांगितला. त्या दिवशीचा तो सर्वांत चांगला तास होता.

दुसऱ्या दिवशी मी पाचवीतल्याच एका मुलीची गणिताची वही पाहिली. भागाकाराची सारी उदाहरणे अचूक, पायऱ्यांसह. मी तिला त्यातलेच एक उदाहरण फळ्यावर सोडवायला सांगितले. तिने आकडे मांडले आणि ती थांबली. मोठ्या भावाच्या फोनने पुस्तकातील पानाचे छायाचित्र घेतले की उत्तर येते आणि ते वहीत उतरवायचे असते, हे तिने कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले. त्यात आपण काही लबाडी केली, असे तिला वाटलेच नव्हते. गृहपाठ पूर्ण करायला सांगितला होता आणि तो तिने पूर्ण केला होता.

एकाच गावात, एकाच प्रकारच्या यंत्राची ही दोन रूपे. कृत्रिम बुद्धिमत्ता गरिबांच्या शाळांचा कायापालट करील की त्या शाळांची उरलीसुरली रयाही घालवील, हा वाद सध्या राजधानीतील परिषदांमध्ये रंगतो आहे. माझ्या मते त्या वादाचे उत्तर यंत्रात नाही. ते यंत्र कोणाच्या हाती आहे आणि कोणाच्या जागी आहे, यात आहे.

हा प्रश्न आजचा नाही. वर्गातील उणीव आकाशातून किंवा तारेतून भरून काढण्याचे स्वप्न स्वतंत्र भारताने किमान पन्नास वर्षे पाहिले आहे. १ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोग सुरू झाला. अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत वर्षभर कार्यक्रम पोहोचवले गेले. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. वीज आणि रस्ते यांची वानवा असलेल्या खेड्यांत हे साधणे ही विलक्षण कामगिरी होती. १९८४ मध्ये ‘क्लास’ या योजनेखाली निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत बसवलेल्या संगणकाने जगाचे लक्ष वेधून घेतले. शिक्षकाविना मुले आपणहून शिकतात, ही कल्पना तेथून जगभर गेली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ अवकाशात झेपावला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट मोठ्या गाजावाजाने सादर झाला आणि काही वर्षांतच विस्मृतीत गेला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ आले आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर संकेत छापले जाऊ लागले.

यांपैकी कोणताही प्रयत्न मूर्खपणाचा नव्हता. प्रत्येकामागे कर्तबगार आणि तळमळीची माणसे होती. तरीही एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. यंत्र पोहोचवणे हेच ध्येय होऊन बसले. किती संच बसवले, किती टॅब्लेट वाटले, किती जणांनी ॲप उतरवून घेतले, याची आकडेवारी सहज मिळते. मुलाला वाचता येऊ लागले का, याची मिळत नाही.

‘साइट’च्या काळात अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक प्रा. यशपाल होते. उपग्रहाने शिक्षण देण्याचा देशातील पहिला मोठा प्रयोग ज्यांच्या देखरेखीखाली झाला, त्याच शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये शालेय शिक्षणावरील आपला सुप्रसिद्ध अहवाल दिला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे मुलांना अधिक चिरडते, हे त्या अहवालाचे सार होते. खुंटीतल्या त्या मुलीची वही पाहताना मला तो अहवाल आठवला. तिच्या दप्तराचे वजन आता फोनने कमी केले आहे. न समजण्याचे ओझे मात्र जिथल्या तिथे आहे आणि आता ते वहीवरून दिसतही नाही.

मग पुरावा काय सांगतो? सुदैवाने या विषयावर भारतात जगातील काही उत्तम अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

पहिला अभ्यास वडोदऱ्यातील महापालिका शाळांचा. चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, दोघांत एक अशा संगणकावर गणिताचे खेळ दिले गेले. मुलाच्या कुवतीनुसार उदाहरणे सोपी वा अवघड होत. गणितातील प्रगती ठळक होती. हाच अभ्यास मुंबई आणि वडोदऱ्यातील ‘बालसखी’ उपक्रमाचाही होता. त्यात वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसत. त्याचाही लाभ स्पष्ट दिसला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह केलेले हे काम २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात लाभाचा बराचसा भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासाने प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

दुसरा अभ्यास गुजरातमधीलच ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांतला. ली लिंडन यांनी तेथे एकच संगणकीय कार्यक्रम दोन पद्धतींनी राबवून पाहिला. काही ठिकाणी तो शाळेच्या वेळात, म्हणजे शिक्षिकेच्या तासाच्या बदल्यात दिला गेला. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर, जादा वेळ म्हणून. जेथे तो जादा होता, तेथे मुलांना फायदा झाला. जेथे त्याने शिक्षिकेचा तास खाल्ला, तेथे मुले संगणक नसलेल्या मुलांपेक्षाही मागे पडली. यंत्र तेच, उदाहरणे तीच. फरक एवढाच की एके ठिकाणी ते शिक्षिकेच्या सोबतीला होते आणि दुसरीकडे तिच्या जागी.

तिसरा अभ्यास दिल्लीतला. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंह आणि अलेहांद्रो गनिमियन यांनी सरकारी शाळांतील सहाशेहून अधिक मुलांपैकी काहींना सोडत पद्धतीने शाळेनंतरच्या केंद्रांत प्रवेश दिला. तेथे प्रत्येक मूल जिथे आहे तिथून सुरुवात करणारी संगणक प्रणाली होती. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत या मुलांनी इतरांना बरेच मागे टाकले; जी मुले सर्वांत कच्ची होती त्यांना तुलनेने सर्वाधिक लाभ झाला. त्यामागचे कारणही या अभ्यासानेच उघड केले. सहावीतील सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते आणि नववीपर्यंत ही पिछाडी साडेचार इयत्तांपर्यंत गेली होती. म्हणजे नववीच्या वर्गात नववीचे पुस्तक शिकवणारा शिक्षक बहुसंख्य मुलांशी परक्या भाषेत बोलत असतो. चाळीस मुलांच्या चाळीस पातळ्या सांभाळणे एका माणसाला अशक्य आहे. यंत्राला ते शक्य आहे. हे यंत्राचे खरे बलस्थान आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र या केंद्रांतील दीड तासापैकी अर्धाच वेळ संगणकाचा होता. उरलेला अर्धा वेळ एक सहायक मुलांच्या छोट्या गटाला शिकवत असे. त्या लाभात यंत्राचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही.

हे सारे अभ्यास चॅटबॉट येण्यापूर्वीचे आहेत. नव्या यंत्राविषयीचा एक महत्त्वाचा प्रयोग तुर्कस्तानातील माध्यमिक शाळेत झाला आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे हजार विद्यार्थ्यांपैकी काहींना गणिताच्या सरावासाठी साधा चॅटबॉट दिला गेला, काहींना शिक्षकांनी तयार केलेल्या सूचनांवर चालणारा, थेट उत्तर न देता पुढची पायरी सुचवणारा चॅटबॉट दिला गेला आणि काहींना काहीच नाही. सराव करताना साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सरस होती. पण परीक्षेच्या वेळी यंत्र काढून घेतल्यावर हेच विद्यार्थी, ज्यांना कधीच यंत्र मिळाले नव्हते अशांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. शिक्षकांच्या सूचनांवर चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हे नुकसान बव्हंशी टळले. खुंटीतील वहीचे कोडे इथे उलगडते. त्या मुलीच्या घरी साधा चॅटबॉट होता. बाईंच्या वर्गात मात्र यंत्राला सूचना देणारी आणि त्याची चूक पकडणारी एक शिक्षिका होती.

आणखी एक प्रयोग सांगतो, कारण तो आपल्या परिस्थितीच्या फार जवळचा आहे. करोनाकाळात बोत्स्वानामध्ये साडेचार हजार कुटुंबांपैकी काहींना गणिताचे लघुसंदेश पाठवले गेले, तर काहींना संदेशांखेरीज आठवड्यातून एकदा एका शिक्षकाचा वीसेक मिनिटांचा फोनही येत असे. नुसत्या संदेशांनी फारसे काही साधले नाही. फोनवरच्या माणसाने साधले. त्यासाठी स्मार्टफोन नव्हे, साधा फोन पुरला. याच धर्तीवर पुढे भारतासह आणखी काही देशांत प्रयोग झाले.

आपण त्याच काळात काय केले, हे विसरता कामा नये. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्यांतील सुमारे १४०० वंचित मुलांच्या पाहणीत असे दिसले की, ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले अवघी आठ टक्के होती आणि ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्णतः थांबला होता. त्या काळात सरकारी कागदपत्रांत शिक्षण ‘सुरू’ होते.

त्यानंतर फोन मात्र घरोघरी पोहोचला. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीनुसार १४ ते १६ वयोगटातील जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येतो. फोन वापरू शकणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेल्या मुलग्यांचे प्रमाण ३६.२ टक्के, तर मुलींचे २६.९ टक्के आहे. घरात फोन आहे याचा अर्थ तो मुलीच्या हाती आहे, असा होत नाही. दिवसा तो वडिलांसोबत कामावर जातो, संध्याकाळी भावाकडे असतो आणि मुलीच्या वाट्याला तो येतो तेव्हा तिची भांडी घासायची वेळ झालेली असते. ‘घरी फोन असतोच’ या गृहीतकावर गृहपाठाची योजना आखणारा अधिकारी नकळत त्या मुलीला वर्गाबाहेर उभे करीत असतो.

याच पाहणीतील आणखी एक आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०२२ मध्ये १६.३ टक्के होते, ते २०२४ मध्ये २३.४ टक्के झाले. एवढ्या थोड्या काळात अशी वाढ क्वचितच नोंदली गेली असेल आणि तिचे श्रेय लाखो शिक्षकांना दिले पाहिजे. पाया पक्का करण्यावर भर, शिक्षकांचे प्रशिक्षण, वर्गात साधी पुस्तके आणि साहित्य, रोज वाचनाचा ठरलेला वेळ, या अगदी साध्या गोष्टींवर या काळात अनेक राज्यांनी लक्ष केंद्रित केले होते. तरीही चारपैकी तीन मुले अजून मागेच आहेत. आणि त्याच तिसरीच्या वर्गापासून २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सुरू करण्याचा मनोदय केंद्र सरकारने जाहीर केला आहे. शिक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्कृष्टता केंद्रासाठी २०२५ च्या अर्थसंकल्पात ५०० कोटी रुपयांची तरतूद झाली. यंत्राची ओळख लहान वयात होण्यास माझा विरोध नाही. पण ज्याला पडद्यावरचे वाक्य वाचता येत नाही, त्याला त्या वाक्याची शहानिशा कशी करता येईल?

आता सर्वांत कठीण आक्षेपाकडे वळतो. माझे एक अर्थतज्ज्ञ मित्र मला विचारतात, ‘‘शिक्षक हवाच, हे मान्य. पण तो येईपर्यंत त्या मुलाने काय करावे? ज्या शाळेत चार इयत्तांकडे पाहायला कोणीच नाही, तेथे यंत्र काहीच नसण्यापेक्षा बरे नाही का?’’ हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. शिक्षण मंत्रालयाच्या २०२४-२५ च्या माहितीनुसार देशात एक लाखाहून अधिक एकशिक्षकी शाळा आहेत आणि त्यांत ३३ लाखांहून अधिक मुले शिकतात. आंध्र प्रदेश, उत्तर प्रदेश, झारखंड आणि महाराष्ट्र ही या यादीत आघाडीवर असलेली राज्ये आहेत. त्याच वर्षी देशातील एकूण शिक्षकांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली, हेही खरे. म्हणजे प्रश्न केवळ संख्येचा नाही, ते शिक्षक कोठे आहेत याचाही आहे.

माझे उत्तर असे आहे की, होय, त्या मुलाला यंत्र द्यावे; पण आपल्या इतिहासाची आठवण ठेवून द्यावे. १९८७ मध्ये राजस्थानात ‘शिक्षाकर्मी’ प्रकल्प सुरू झाला. शिक्षक जेथे जायला तयार नव्हते, अशा दुर्गम गावांत गावातलाच थोडाफार शिकलेला तरुण शिकवू लागला. १ जानेवारी १९९७ पासून मध्य प्रदेशच्या शिक्षण हमी योजनेत मानधनावर ‘गुरुजी’ नेमले गेले. महाराष्ट्रातील वाचकांना ‘शिक्षणसेवक’ हा शब्द परिचयाचा आहेच. या योजनांनी कितीतरी मुलांना प्रथमच शाळा दाखवली, त्यांची निंदा मी करणार नाही. मात्र तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था कायम झाली. अल्प मानधनावर माणूस मिळतो, हे कळल्यावर पूर्ण वेतनाचे पद भरण्याची घाई कोणत्याही अर्थ खात्याला उरली नाही. पदे रिक्त राहिली, आंदोलने झाली, न्यायालयात खटले गेले आणि एक पिढी शिकून बाहेर पडली. यंत्र तर मानधनही मागत नाही आणि मोर्चाही काढत नाही. म्हणूनच मला भीती वाटते. एकशिक्षकी शाळेत उद्या बोलणारा पडदा बसेल आणि परवा ती शाळा कागदावर एकशिक्षकी राहणार नाही.

भीती आणखी एका दिशेने आहे. गेल्या वर्षी बड्या तंत्रज्ञान कंपन्यांनी, कोणी दूरसंचार कंपन्यांशी हातमिळवणी करून तर कोणी थेट, कोट्यवधी भारतीयांना आपल्या चॅटबॉटची सशुल्क आवृत्ती वर्षभर वा त्याहूनही अधिक काळ फुकट देऊ केली. फुकट वाटणारा व्यापारी पुढचा हिशेब मांडूनच बसलेला असतो. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले, पालकांची पडताळणी करता येण्याजोगी संमती आवश्यक केली आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी शैक्षणिक संस्थांना त्यातून मर्यादित सवलत दिली आहे. शाळेच्या उंबऱ्याआड दिलेल्या या सवलतीचा लाभ शाळेला यंत्र पुरवणारी कंपनी कितपत घेईल, यावर कोणाची तरी करडी नजर हवी. ज्या बापाला अंगठा उमटवून संमती द्यायची आहे, त्याच्याकडून ही देखरेख होणार नाही.

आणि भाषा? २०११ च्या जनगणनेनुसार दहा हजारांहून अधिक भाषिक असलेल्या १२१ भाषा या देशात आहेत. आठव्या अनुसूचीत त्यांपैकी २२ आहेत. गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आणि भिली बोलणारे एक कोटीहून अधिक असूनही या भाषा अनुसूचीत नाहीत. येथे यंत्र खरोखर मोठे काम करू शकेल. केंद्राच्या ‘भाषिणी’ प्रकल्पाने अनुसूचीतील भाषांसाठी अनुवाद आणि वाणीची साधने उभारली आहेत. आदिवासी व्यवहार मंत्रालयाच्या ‘आदि वाणी’ या उपक्रमाने २०२५ मध्ये संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी यांपासून सुरुवात केली. या प्रयत्नांचे मी मनापासून स्वागत करतो. पण मुंडारीतील चूक पकडायला वर्गात मुंडारी जाणणारे कोणी तरी असावे लागते. त्या दिवशी ते एका दहा वर्षांच्या मुलाने केले आणि बाईंनी ते करू दिले. उत्तरादाखल त्याला गप्प बसायला सांगणारा शिक्षक असता, तर वर्गाला यंत्राची चूकच पाठ झाली असती.

मग करावे काय? केरळकडे पाहावे, असे मी म्हणतो तेव्हा केरळ वेगळे आहे, असे उत्तर ठरलेले असते. ते वेगळे आहे हे खरे. पण त्याच्या कामाचा क्रम कोणत्याही राज्याला घेता येईल. २००१ पासून त्या राज्याने शाळांतील संगणक शिक्षणाचे काम सरकारी यंत्रणेमार्फत, मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारे आणि आपल्याच शिक्षकांना प्रशिक्षक बनवून उभे केले. २०२४ मध्ये सुमारे ८० हजार शिक्षकांना कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्याच वर्षी सातवीच्या पुस्तकात हा विषय आला. शिक्षक आणि पुस्तक बरोबरीने पुढे गेले. आपल्याकडे बहुधा आधी निविदा निघते, मग यंत्र येते आणि शिक्षकाला ते खोके उघडल्यावर कळते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांच्या क्यूआर संकेतांच्या पुस्तकांचे जगभर कौतुक झाले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. ती कल्पना मंत्रालयातून शाळेत आलेली नव्हती. ती शाळेतून बाहेर गेली होती.

म्हणून पहिले यंत्र शिक्षकाला द्यावे आणि त्याच्या फोनवरचे हजेरी, छायाचित्रे आणि तक्त्यांचे ओझे उतरवून द्यावे. जे यंत्र शिक्षकाचा दिवसातला एक तास मोकळा करील, ते कोणत्याही चॅटबॉटपेक्षा अधिक शिकवेल. मुलांसाठीचे यंत्र शाळेच्या वेळेत शिक्षकाच्या बदल्यात नको. शाळेनंतरच्या तासात, गावातल्या एखाद्या शिकलेल्या तरुणीच्या देखरेखीखाली हवे. तिला त्याचा योग्य मोबदला मिळावा आणि घरी फोन न मिळणाऱ्या मुलींना त्या तासात प्रथम जागा असावी. ते यंत्र उत्तर सांगणारे नको, पुढची पायरी विचारणारे हवे. आणि एक अट लेखी हवी. ज्या शाळेत असे यंत्र जाईल, तेथील रिक्त पद त्या कारणाने रद्द होणार नाही, उलट ठरलेल्या मुदतीत भरले जाईल. शिक्षण हक्क कायद्याने ठरवलेली शिक्षकसंख्या मोजताना पडद्याला माणूस धरता येणार नाही.

१९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांतून विज्ञान शिक्षणाचा एक विलक्षण प्रयोग सुरू झाला. मुले प्रयोग करून विज्ञान शिकत. त्या उपक्रमात ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांनी मनात येईल तो प्रश्न पत्राने सवालीरामला विचारायचा आणि सवालीराम पत्राने उत्तर पाठवायचा. पुढे ‘एकलव्य’ संस्थेने हे काम वाढवले. खेड्यापाड्यांतून प्रश्नांची असंख्य पत्रे आली. २००२ मध्ये राज्य सरकारने तो विज्ञान कार्यक्रम बंद केला.

आज प्रत्येक घरात एक सवालीराम आला आहे. तो क्षणात उत्तर देतो, कधी थकत नाही आणि टपालखर्चही लागत नाही. फरक इतकाच की, होशंगाबादच्या मुलाला आधी प्रश्न पडावा लागे. वर्गातला शिक्षक तो प्रश्न पडू देत असे, म्हणून पत्र लिहिले जाई.

खुंटीहून निघताना बाईंनी मला त्या दिवशीची गोष्ट दाखवली. फळ्यावरून मुलांनी ती वह्यांत उतरवून घेतली होती आणि यंत्राने चुकवलेले मुंडारी शब्द त्यांनी स्वतः दुरुस्त करून शेजारी लिहिले होते. दुसरे शिक्षक कधी येणार, असे मी विचारले. बाईंनी फोनकडे पाहिले. पुन्हा एकदा आकडा भरायची वेळ झाली होती. ‘‘रिक्त जागेचा रकाना दर महिन्याला भरते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो कोण वाचतो, ते तुम्हीच दिल्लीत विचारा.’’